झील कुणी ओढायची

९ मार्च, रविवार
आज समितीच्या बैठकीत दादानं माझी लाज काढली. प्रसेनजित माझा सख्खा भाऊ, जयंती समितीचा सचिव. सगळ्यांसमोर म्हणाला, "गिटार मैदानात कुठं ऐकू येतंय? ते पाळण्यापुढं वाजवायचं." सगळे हसले. मग जसं काही उपकार केल्यासारखं, चौदा एप्रिलला, जयंतीच्या संध्याकाळी, डीजेच्या आधी मला वीस मिनिटं दिली. लोक जमेपर्यंतचा टाइमपास म्हणून.

याच परंड्यात, याच मैदानावर अण्णा, आमचे वडील, गायचे तेव्हा माणसं जेवण सोडून यायची. 'शाहीर गुलाब आणि पार्टी'. अण्णा धरून आठ जण होते: पेटी, ढोलकी, तुणतुणं, टाळ, मागं झील ओढायला, म्हणजे कडव्याची शेवटची ओळ उचलून धरायला, तीन बायका. त्यातली एक माझी आई. अण्णा जाऊन सहा वर्षं झाली. पार्टीतले बाकीचे कुणी पुण्याला गेले, कुणी वारले. गाणी मात्र माझ्याकडं आहेत, अण्णांच्या हातच्या वहीत.

मी उभी राहिले आणि म्हणाले, "एका गिटारवर आठ जणांचा आवाज काढून दाखवते." पुन्हा हसले. हसा.

१२ मार्च
क्लासमधून आल्यापासून पेडल मांडतेय, गिटारचा आवाज बदलणारे पायाशी ठेवायचे डबे. दिवाणाची एक जुनी फळी घेतली, तिच्यावर चिकटपट्टीनं सगळी बसवली. कॉम्प्युटर शिकवून जे मिळतं त्यातलं निम्मं गेली तीन वर्षं या डब्यांत गेलंय, त्यामुळं मांडणी चुकली तर मला झोप लागत नाही.

गिटारच्या आत आवाज पकडणारा जो पिकअप आहे त्याचा थेट आवाज कोरडा येतो, प्लास्टिकच्या तारा असल्यासारखा. म्हणून आधी इक्वलायझर, कर्कश्शपणा कापायला. मग कॉम्प्रेसर, जोरात मारलेलं आणि हळू मारलेलं सारख्या पातळीवर यावं म्हणून. मग ऑक्टेव्ह, म्हणजे खालच्या सप्तकातला जाड आवाज मिळतो, बेस वाजवणारा माणूस लागत नाही. शेवटी लूपर. पायानं दाबलं की वाजवलेलं साठवतो आणि तेच फिरवत राहतो. त्याच्यावर दुसरा थर, तिसरा थर. गिटारच्या पोटावर थाप मारली की ढोलकी. माइकची वायरही त्याला लागते. म्हणजे झील पण त्यातच.

रिव्हर्ब, म्हणजे आवाज घुमवणारा डबा, कुठं ठेवायचा यात दोन तास गेले. लूपरच्या आधी ठेवला तर प्रत्येक थर घुमणारा साठतो आणि चौथ्या थराला नुसता चिखल. नंतर ठेवला तर बरं. शेवटी मी तो काढूनच टाकला. मैदानात घुमणारा आवाज म्हणजे शब्दांचा खून. अण्णांचे शब्द लोकांना कळले पाहिजेत.

आई भाकरीचं पीठ मळता मळता दारात येऊन उभी होती. म्हणाली, "आन ह्यात मी कुटं?"

मी म्हटलं, "तुझी जागा तीच गं आई. अण्णांच्या वेळची. झील तुझीच."

ती पिठाचे हात झटकत आत गेली. खूश झाली असावी.

२३ मार्च, रविवार
डोकं फिरायची वेळ आली आहे.

आईबरोबर पहिली तालीम. गाणं 'अक्षर', अण्णांचं सगळ्यात गाजलेलं. पहिल्यांदा पाटीवर अक्षर काढणाऱ्या बाईचं गाणं आहे:

अंगठ्याची शाई धुतली सीनेच्या पाण्यानं
अक्षर काढलं पाटीवर, गं माझ्या हातानं.

आईला फक्त 'गं माझ्या हातानं' एवढंच म्हणायचं. एकदा नीट म्हटलं की लूपर पकडणार. पण एकदा नीट येईल तर शपथ! पहिल्यांदा लांबवलं. दुसऱ्यांदा 'हातानं'वर गळ्याची हरकत घेतली. तिसऱ्यांदा श्वास मध्येच. चौथ्यांदा माझ्या ठेक्याच्या मागं राहिली.

"आई, तीच ओळ, तशीच. ठेका सोडू नको."

"तसंच कसं म्हनू? आधीचं कडवं काय झालं त्याच्यावर झील असती. आधी कायच न्हाय, नुसती झील?"

"आधीचं मी गाणार आहे ना नंतर!"

"मग नंतर म्हनते."

"नंतर तुला म्हणावंच लागणार नाही, मशीन म्हणेल."

तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं मी परकी बोली बोलतेय. नऊ वेळा घेतलं. नवव्यांदा जमलं, पण आवाजात काही जीव नाही. मी म्हटलं, चालेल.

पट्टीचंही नाटक. मी काळी पाचमध्ये गाते, कॅपो, म्हणजे तारा दाबून पट्टी चढवणारा चाप, गिटारच्या तिसऱ्या घरात. तिला उंच पडतं म्हणे. एका ओळीचं काय उंच पडतं?

आणि राग याचा येतो की दुपारी भांडी घासताना तीच बाई सहाच्या सहा कडवी गुणगुणत होती. एक शब्द चुकला नाही. सगळं पाठ आहे, पण जे मागितलं ते द्यायचं नाही.

३० मार्च, रविवार
उमाशंकर काकांच्या गोडाऊनमध्ये आवाज तपासायला गेलो. काका मंडप आणि साउंडवाले. अण्णांच्या प्रत्येक कार्यक्रमाला साउंडचं मशीन घेऊन तेच असायचे.

पहिल्याच थापेला शिट्टी. एवढी जोरात की शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं ओढायला लागली. गिटारच्या भोकाला रबरी झाकण लावलं, इक्वलायझरवर शिट्टीचा नेमका सूर शोधून तेवढाच खाली केला, मग बंद झाली. एवढं करेपर्यंत काकांनी माइकवर एको चढवून ठेवलेला. "हॅलो, हॅलो, हॅलो" अशी घुमणारी चाचणी.

"काका, एको काढा."

"अगं लोकांना आवडतो."

"लोकांना डीजेपण आवडतो. काढा."

तेवढ्यात आई माइक हातात धरून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की वो एको."

"आई, तू मध्ये बोलू नको. तुला यातलं कळत नाही."

काकांनी एको काढला. कोरडा माइक तिच्या हातात राहिला. तिनं झील म्हणून बघितली आणि खाली ठेवला. काका मला म्हणाले, "श्रावस्ती, बावीस वर्षं मशीन लावली मी तुमच्या पार्टीची. जाईबाईचा, तुझ्या आईचा, आवाज आज पहिल्यांदा सुटा ऐकला."

मस्का मारत होते. एको काढायला लावला म्हणून राग आलेला, तो असा गोड करून झाकला. मला कळत नाही का.

२ एप्रिल
आई तालमीला आली नाही. शेजारी बंडप्पांच्या घरी कुरडया करायला गेली. कुरडया! बारा दिवस उरलेत.

दुपारी परतल्यावर मी विचारलं, "तुला करायचंय की नाही?"

"काय करायचंय? तुझं मशीन म्हनतंय की."

"आई, मी हे अण्णांसाठी करतेय."

"व्हय. ते दिसतंयच."

"मग तुला काय कमी आहे?"

"कायच न्हाय बाई. चहा घेतीस का?"

असं बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं? दगडावर डोकं आपटलेलं बरं.

मी उपाय काढला. नवव्यांदाची झील लूपरच्या कायमच्या जागेत जपून ठेवली. दुसऱ्या बटणावर. आता आई आली नाही, उशिरा आली, रुसली, काहीही केलं तरी तिची झील माझ्या पायाखाली आहे.

वाजवून बघितली. आई ओसरीत धान्य निवडत होती. स्वतःचाच आवाज डब्यातून आलेला ऐकून तिचा हात थांबला. परत आला. परत आला. मी पाच-सहा वेळा फिरवला, मला पातळी ठरवायची होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि अंगणात जाऊन उभी राहिली, भर उन्हात. म्हातारपणी माणसं हट्टी होतात म्हणतात ते खरं आहे.

६ एप्रिल, रविवार
दादानं वीसची पंधरा मिनिटं केली. सोलापूरहून येणाऱ्या डीजेवाल्याला आधी सेटिंगला वेळ पाहिजे म्हणे. वर मला सल्ला: "तू आईला नुसती स्टेजवर बसव. गुलाबशाहिरांची बायको म्हटल्यावर लोकांना बरं वाटतं. गायलं नाही तरी चालतंय."

मी उसळलेच. "आई काय शोभेची बाहुली आहे? तिला आवाज नाही का? बसव म्हणे!"

"मग गाऊ दे की," दादा म्हणाला. "मी कुठं नको म्हणतोय?"

"गाणारच आहे. झील तिचीच आहे."

तो खांदे उडवून गेला. या घरात बाईच्या कलेची किंमत एकट्या मलाच आहे.

१५ एप्रिल, सकाळ
काल काय झालं ते आधी जसंच्या तसं लिहिते, नाहीतर माझं डोकं फुटेल.

साडेसहाला स्टेजवर गेलो. आईनं पांढरी साडी नेसलेली, निळ्या काठाची. समोर आमच्याच भागातल्या बायका, पोरं, मागं तरुण मुलं डीजेची वाट बघत उभी. जनरेटरची घूं येत होती, ती मी डीआयवरचं, म्हणजे गिटार साउंडला जोडायच्या डबीवरचं, बटण दाबून घालवली. गिटारवर थाप मारली, साठवली. ऑक्टेव्ह लावून बेस साठवला. वर कॉर्ड. तीन थर स्वच्छ बसले. मागची मुलंसुद्धा मोबाइल खाली करून बघायला लागली. मला वाटलं, जिंकलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईनं शेजारचा, थेट काकांच्या मशीनला जोडलेला माइक ओढून घेतला आणि गायला लागली. झील नाही, पहिलं कडवं. 'अंगठ्याची शाई धुतली'. स्वतःच्या पट्टीत, काळी चारमध्ये. माझे तीन थर काळी पाचमध्ये फिरतायत, ती त्याच्याखाली. कानात वाळू गेल्यासारखं. आणि लय? माझा लूप पुढं पळतोय, ती 'सीनेच्या' या शब्दावर थांबून उभी आहे, जशी काही सीना नदीच ओलांडतेय.

मी डोळ्यांनी खुणावलं. तिनं माझ्या पायांकडं बघितलं आणि माइकमध्येच म्हणाली, "बंद कर गं ते."

सगळं मैदान हसलं.

मी घाईत पाय मारला तो दुसऱ्या बटणावर. जपून ठेवलेली झील सुरू झाली. 'गं माझ्या हातानं. गं माझ्या हातानं.' आई स्टेजवर, आणि दोन्ही बाजूंच्या बॉक्समधून आईच. ती गप्प झाली. माइक तोंडाजवळ तसाच. तो मेलेला आवाज तिच्या अंगावरून चार वेळा गेला आणि ती नुसती उभी राहून ऐकत होती. हसणारेही थांबले. मी वाकून हातानंच लूपरची वायर उपटली.

शांत झालं. मग ती पुन्हा पहिल्यापासून गायली. साथीला काही नाही. आणि उमाशंकर काकांनी, मला न विचारता, तिच्या माइकवर एको चढवला. मी तिथून ओरडले, "काका!" त्यांनी बघितलंच नाही.

मला कॅपो तिसऱ्या घरातून पहिल्या घरात आणायचा होता. गडबडीत तो निसटून पडला. गिटारची वायर लूपर सोडून थेट साउंडला जोडली, उतरलेल्या तारा आवाज बंद करून परत सुरात लावल्या. तोवर ती दुसऱ्या कडव्यात. मी तिथं पकडलं, नुसते कॉर्ड, तिच्या मागं मागं. ती कुठं थांबणार ते कळत नव्हतं. तिच्या खांद्यांकडं बघून वाजवत होते. खांदे उचलले की श्वास, मग ओळ.

प्रत्येक कडव्याच्या शेवटी ती थांबायची, झील कुणीतरी ओढावी म्हणून. माझ्यासमोर माइक होता. मी ओढली नाही. रागानं ओठ मिटून बसले. तिसऱ्या कडव्याला पुढच्या बायकांनी ओढली. चौथ्याला सगळ्यांनी.

पंधरा मिनिटं होऊन गेली. सहाही कडवी झाल्याशिवाय ती थांबली नाही. डीजेवाला दोनदा स्टेजजवळ आला, दादानं दोन्ही वेळा हात आडवा केला. माझ्यासाठी कधी केला असता का?

तीन वर्षांची मांडणी एका क्षणात मातीत. लोक तिच्या पाया पडत होते, मी वायरी गुंडाळत होते.

१६ एप्रिल
घरात बोलणं बंद. तिला त्याचं काही नाही. गुणगुणतेय.

दादा येऊन म्हणाला, "आईनं मैदान मारलं. गिटारपण ठीक होतं." ठीक!

संध्याकाळी उमाशंकर काका राहिलेली वायर द्यायला आले. मी दारातच विचारलं, "एको कुणाच्या परवानगीनं चढवला?"

ते पायरीवर बसले. "शाहिराच्या माइकला कायम एको असायचा. त्यांचा हुकूमच होता. मागं तिघींना मिळून एक माइक, तो कोरडा. मागचं घुमलं तर पुढचं बुडतं, म्हणायचे."

"बरोबरच म्हणायचे."

"असेल. एकदा अणदूरच्या कार्यक्रमाआधी मी म्हटलं, गुलाबराव, जाईबाईला एखादं कडवं द्या, गाणं बाईचंच आहे. तर हसले. म्हणाले, 'मग झील कुणी ओढायची?'"

मी म्हटलं, "अण्णा असं बोलणार नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल काहीही सांगू नका." आणि दार लावलं.

खोटं बोलतायत. अण्णांनी आईला स्टेजवर नेलं, त्या काळात कोण नेत होतं? बायका घराबाहेर पडत नव्हत्या तेव्हा अण्णांनी नेलं.

खोटंच बोलतायत.

२० एप्रिल, रविवार
विचारलं शेवटी. आई लसूण सोलत होती. मी उभ्यानंच म्हटलं, "काका म्हणतात अण्णांनी तुला कडवं दिलं नाही. खरं आहे का?"

"मागितलं न्हवतं मी."

"का?"

"का म्हंजे? नवरा हुता, शाहीर हुता. लई मोठा माणूस. वाईट न्हवता तुझा अण्णा. मारलं न्हाय, दारू न्हाय. गावोगाव नेलं. पर बावीस वर्सं मी त्याच्या पाठीकडं बघून गायले. त्याच्या शर्टाचा प्रत्येक टाका पाठ हाय मला."

"मग मला सांगायचं. मी काय नाही म्हटलं असतं?"

तिनं लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "इचारलं की. ह्यात मी कुटं, म्हनलं. तू काय म्हनलीस?"

मी दाराची कडी उगाच लावली, काढली.

"त्यानं निदान मागं बसवलं. तू तर डब्यात घातलंस, अन वर पाय दिलास."

मी चिडून म्हटलं, मशीनची ती पद्धतच असते, बटण पायानंच दाबायचं असतं. असल्या वेळी माझ्या तोंडून असलं काहीतरी निघतं. ती हसली नाही, रागावलीही नाही. सोललेला लसूण घेऊन उठली.

मी अण्णांची वही काढली. 'अक्षर'च्या पानावर त्यांनी कडव्यांपुढं लिहिलंय 'मी', आणि झिलीपुढं लिहिलंय 'बायका'. नाव नाही. शंभर वेळा बघितलंय हे पान.

राग कुणावर काढायचा तेच कळत नाही, आणि त्याचा आणखी राग येतो.

२७ एप्रिल
भूमहून फोन. तिथल्या महिला मंडळाच्या कुणी राजेश्वरी बाई. बारा मेला बुद्ध पौर्णिमेचा कार्यक्रम. कुणीतरी परंड्याचा व्हिडिओ पाठवला म्हणे. "गायिका जाईबाईंशी बोलायचंय. तुम्ही त्यांच्या कोण?"

"मुलगी."

"गिटार वाजवणारं कुणी होतं मागं, ते पण आणता आलं तर आणा."

मागं. कुणी. मी फोन आपटणार होते. आपटला नाही. आईच्या हातात दिला. ती बोलली, "व्हय, येते," आणि मग, मला न विचारता, "पोरगी हाय वाजवायला. तिचं नाव बी टाका पत्रिकेत. श्रावस्ती गुलाब." तिला माझं नाव सांगायचं सुचलं. मी मात्र समितीला 'गुलाबशाहिरांची गाणी, सादरकर्ती श्रावस्ती' एवढंच लिहून दिलं होतं.

४ मे, रविवार
फळीवरून लूपर काढला. त्याच्याबद्दल वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू? चांगलं यंत्र आहे. माझ्या गाण्यांना पुन्हा लावीन. पण जी बाई नदी ओलांडायला थांबते तिच्यासाठी ते नाही.

कॉम्प्रेसर कमी केला. आईच्या मागं वाजवताना हळूचं हळूच ऐकू आलं पाहिजे. ऑक्टेव्ह फक्त कडव्याच्या शेवटच्या ओळीला. कॅपो पहिल्या घरात. आणि कपाटातून रिव्हर्ब काढला, तिच्या माइकसाठी. तिनं गुंडी स्वतः फिरवली. "हां. आनखी. आनखी जरा."

"आई, शब्द बुडतील."

"म्या बुडू देत न्हाय. फिरव."

बुडले नाहीत. तिला कुठं तोडायचं ते माहीत आहे. घुमणं संपेपर्यंत थांबते आणि मग पुढचा शब्द ठेवते. त्या थांबण्याचा मी मार्चपासून राग राग करत होते. तरी मला एवढा एको पटलेला नाही. भांडण झालं. तीच जिंकली.

मग झील. भूमला बायका ओढतील याचा काय भरवसा? मी म्हटलं, मी ओढते.

पहिल्यांदा मी लवकर आले. "घाई करतीस," ती म्हणाली. दुसऱ्यांदा तिच्या शेवटच्या शब्दावर चढले. "माझं संपू दे की." तिसऱ्यांदा बोटं चुकली. चौथ्यांदा ती पेटली, "शब्द खाऊ नगं. झील सोपी वाटली व्हय तुला?"

एवढीशी ओळ! गिटार ठेवून उठावंसं वाटत होतं. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही, पुन्हा कडवं सुरू केलं. तिच्या खांद्यांकडं बघत वाजवलं. खांदे खाली आले, तिचा शब्द घुमून संपला, तेव्हा मी ओढली.

पाचव्यांदा ती थांबली नाही. पुढच्या कडव्यात गेली. बरोबर आलं होतं की तीच कंटाळली, ते मी विचारलं नाही.